दिलच्या बांगड्या आणि १८०५ची मुंबई

पॅट्रिक ओब्रायन या इंग्रज कादंबरीकाराच्या वाचकांची एक वेगळीच जमात आहे. कॅप्टन जॅक ऑब्री आणि त्याच्या जहाजावरचा डॉक्टर स्टीफन मॅच्युरिन या दोन मित्रांवर ओब्रायनने नेपोलियनच्या काळातल्या वीस कादंबऱ्या लिहून पूर्ण केल्या. शेवटची १९९९ साली आली आणि पुढच्याच वर्षी लेखक गेला. या कादंबऱ्या वाचणारे लोक दोरखंड, शिडे, तोफांचे वजन, वाऱ्याची दिशा, जेवणातले पदार्थ, मध्येच आलेले लॅटिन वचन, सगळे तपासत बसतात. त्यांच्यासाठी १९९५ साली 'अ सी ऑफ वर्ड्स' नावाचा कोशच निघाला आणि पाठोपाठ नकाशांचे पुस्तकही आले. कादंबरी वाचायला कोश आणि नकाशा लागावा, आणि तरीही ती लाखोंनी वाचावी, याचे मला अप्रूप वाटते. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरीवर वाद होतात ते बहुधा कुणाचा अपमान झाला यावरून. डोलकाठीला किती शिडे होती यावरून आपण भांडल्याचे मला आठवत नाही.

या मालिकेतली तिसरी कादंबरी 'एच.एम.एस. सरप्राइज', १९७३ सालची. ती मुंबईला येते, म्हणून आमच्या हाती लागली. गिरगावात आम्ही चार-पाच जण महिन्यातून एकदा एका खोलीत जमतो आणि मिळून एखादे पुस्तक वाचतो. माझे शिक्षण अकरावीला थांबले. इंग्रजी मी शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो, आणि ही कादंबरीही तशीच वाचली. गटात गोदीत आयुष्य काढलेले एक काका आहेत, शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले एक सर आहेत, आणि लालबागला कित्येक वर्षे खानावळ चालवलेल्या एक मावशी आहेत. मावशींना इंग्रजी येत नाही. म्हणून ठरले की मी घरी वाचायचे आणि बैठकीत मराठीतून सांगायचे. हा लेख त्या सांगण्यातल्या एका अडचणीतून निघाला आहे.

आधी जहाजाचे. 'सरप्राइज' हे जहाज खरे होते. मूळचे फ्रेंच, 'युनिते' नावाचे. ब्रिटिशांनी ते १७९६ साली पकडले आणि नाव बदलले. पण १८०२ सालीच आरमाराने ते विकून टाकले होते. म्हणजे कादंबरीतला प्रवास सुरू होतो तेव्हा हे जहाज आरमारात नव्हतेच. काळाची दुसरी गफलत जास्त गमतीची आहे. मागच्या कादंबरीचा शेवट स्पॅनिश खजिन्याची जहाजे पकडण्यावर होतो, आणि ती घटना ५ ऑक्टोबर १८०४ची. तिथून पुढे 'सरप्राइज' दक्षिण अटलांटिकमधून केपला वळसा घालून मुंबईला येते, पूर्वेकडे जाते, आणि चीनहून चहा घेऊन येणाऱ्या कंपनीच्या व्यापारी ताफ्याला फ्रेंच अ‍ॅडमिरल लिन्वा याच्या तावडीतून सोडवते. ही लढाई इतिहासात पुलो ऑरापाशी झाली, पण ती फेब्रुवारी १८०४मध्ये. म्हणजे खजिन्याच्या आधी आठ महिने. ओब्रायनने उलटा क्रम लावला. त्या खऱ्या लढाईत आरमाराचे एकही लढाऊ जहाज नव्हते. नॅथॅनियल डान्स नावाच्या कंपनीच्या कप्तानाने व्यापारी जहाजांनाच लढाऊ असल्याचे सोंग आणायला लावून लिन्वाला पळवले होते, आणि त्याबद्दल बॉम्बे इन्शुरन्स कंपनीने त्याला ५,००० पौंड बक्षीस दिले. सोंगाची गोष्ट काकांना इतकी आवडली की कादंबरीतल्या लढाईपेक्षा खरी बरी, असा निकाल त्यांनी देऊन टाकला.

लेखकाने क्रम उलटवला ही चूक नव्हे, सवलत आहे. पण त्या सवलतीमुळे कादंबरीतली मुंबई १८०५ सालची ठरते, आणि पुढच्या साऱ्या विचाराला हे साल महत्त्वाचे आहे. कारण १८०५ साली लिन्वाने खरोखर काय केले ते मुंबईकराला माहीत असायला हवे. त्या वर्षी जुलैत त्याने 'ब्रन्स्विक' हे कंपनीचे जहाज पकडले. त्यावर बावीस वर्षांचा एक पारशी व्यापारी होता, चीनच्या चौथ्या फेरीवर निघालेला. त्याला कैदी म्हणून केपपर्यंत नेण्यात आले, माल सगळा गेला, आणि एका डॅनिश जहाजातून तो कसाबसा कलकत्त्याला परतला. हा तरुण म्हणजे जमशेटजी जीजीभाई. ज्यांच्या इस्पितळात आपली निम्मी चाळ जन्मली, तेच. 'ब्रन्स्विक'वर जहाजाचा डॉक्टर होता विल्यम जार्डिन, पुढे अफूच्या व्यापारात जमशेटजींचा भागीदार झालेला. लिन्वाचा पाठलाग, जहाजावरचा एक डॉक्टर आणि त्याची एक अनपेक्षित मैत्री, हा सगळा ऐवज ओब्रायनच्या कादंबरीत आहे. फक्त डॉक्टर तिथे मॅच्युरिन आहे आणि मुंबईतली त्याची मैत्री एका अनाथासारख्या पोरीशी होते.

आता त्या पोरीकडे येतो.

तिचे नाव दिल. वय नऊ-दहा. 'सरप्राइज' दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत असताना मॅच्युरिन शहरात पायी भटकतो, आणि ही मुलगी त्याची वाटाडी होते. ती त्याला हे शहर समजावून सांगते, त्याच्या अज्ञानाला हसते, त्याची काळजी घेते. तिची एकच मोठी हौस असते, चांदीच्या बांगड्या. जिच्याकडे ती राहते ती म्हातारी तिला थोड्याशा रुपयांत विकायला तयार असते. मॅच्युरिन विचारात पडतो, की या मुलीचे काय करावे, कुठे ठेवावे. काही ठरायच्या आत तो तिला बांगड्या घेऊन देतो. आणि त्या बांगड्यांसाठीच कुणीतरी तिचा जीव घेते. मॅच्युरिन तिचे प्रेत ताब्यात घेतो, स्वतःच्या पैशांनी सरणाची व्यवस्था करतो आणि समुद्रकाठी तिचे दहन होते. जहाज पुढच्या प्रवासाला लागते.

या प्रकरणाबद्दल माझे पहिले मत चांगले नव्हते, हे आधीच कबूल करतो. बैठकीत मी मांडले होते की, दिल ही गोऱ्या नायकाच्या मनाला जखम करण्यासाठी आणलेली देशी पोर आहे. दोरखंडाच्या गाठीबद्दल एवढा काटेकोर असलेला लेखक मुंबईच्या मातीवर उतरला की हस्तिदंती पेटीवरचे चित्र काढतो. बांगड्यांसाठी खून हा तर पूर्वेकडच्या क्रौर्याचा ठरीव मसाला. असे बोललो की आपण फार अभ्यासू आहोत असे वाटते. सरांनीही मान डोलावली.

मावशी म्हणाल्या, "मसाला कसला? जत्रेत जायच्या आधी माझी आई आमच्या पायांतले वाळे काढून कनवटीला लावायची. विचारलं तर म्हणायची, चांदीपायी पोर जाईल. तिच्या आजीनं तिला तेच सांगितलेलं."

मग मी शोधायला लागलो. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी अंमलदारांच्या आणि प्रवाशांच्या लिखाणात, अंगावरच्या दागिन्यांसाठी मुलांचे खून हा विषय इतक्यांदा येतो की, मुलांना दागिने घालू नका असे आई-बापांना बजावावे का, याच्या चर्चाही झालेल्या दिसतात. म्हणजे ओब्रायनने हे रंगवून घातलेले नव्हते. दोरखंडाची गाठ जितकी खरी, तितकीच ही खरी. जो तपशील मला कृत्रिम वाटला तो त्याने बहुधा कागदांतूनच उचलला असावा. आणि लालबागच्या बाईला तो घरातून माहीत होता. मला मात्र दोन्हीकडून माहीत नव्हता.

यानंतर आमचे वाद खऱ्या अर्थाने रंगले. पहिला नावावरून. दिल हा फारसी शब्द. काकांचे म्हणणे, मुलगी मुसलमान असणार, दिलशाद वगैरेचे तोडलेले नाव असेल. मग दहन कसे? लेखक इथे चुकला. सरांनी याला चांगले उत्तर दिले. ते म्हणाले, फारसी नावावरून धर्म ठरवायला लागलो तर शहाजीराजांचेही काय करणार? १८०५ साली उत्तरेत ज्याच्या फौजा होत्या तो शिंदे दौलतराव होता, आणि साताऱ्याच्या रामराजाची बहीण दर्याबाई. दर्या, दौलत, हैबत, सुलतान, पीर या शब्दांवरची नावे मराठी घरांत सर्रास होती. दिल हे नाव मराठी घरात मी कुठे पाहिलेले नाही, पण ते अशक्य नव्हते. शिवाय रस्त्यावरच्या पोरीला तिचे नाव कोण ठेवतो? ज्यांच्यात ती राहते तेच ठेवतात.

दुसरा वाद भाषेचा, आणि ही माझी सांगण्यातली अडचण. इंग्रजीत मॅच्युरिन आणि दिल यांचे बोलणे जुन्या वळणाच्या इंग्रजीत दिलेले आहे. मी ते मराठीतून सांगताना दिलच्या तोंडी अस्सल गिरगावी मराठी घातली. काकांनी थांबवले. "तो डॉक्टर मराठी शिकला कुठून? जहाजावर?"

प्रश्न बिनतोड होता. इंग्रजांना हिंदुस्तानी शिकायची सोय होती. हॅडलीचे व्याकरण १७७२ पासून उपलब्ध होते आणि गिलख्रिस्टची पुस्तके होती. मराठीचे काय? विल्यम केरीचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापले गेले ते १८०५ सालीच, मुंबईपासून हिंदुस्थानच्या दुसऱ्या टोकाला. मोल्सवर्थचा कोश तर १८३१चा. मग १८०५पूर्वी एखादा युरोपीय वाचक मराठी छापील पुस्तकातून शिकू शकला असता काय? शकला असता, पण इंग्रजीतून नव्हे. १७७८ साली रोममध्ये पोर्तुगीज भाषेत 'ग्रामातिका मरास्त्ता' हे मराठीचे व्याकरण कॅथलिक धर्मप्रसारकांसाठी छापले गेले होते. आता मॅच्युरिन कोण? बाप आयरिश, आई कॅटलान, धर्म कॅथलिक, आणि भाषांचा हावरा. साऱ्या ब्रिटिश आरमारात हे पुस्तक सापडण्याची आणि समजण्याची शक्यता ज्याची सर्वांत जास्त, असा माणूस ओब्रायनने निर्माण करून ठेवला होता. आणि त्याला ते पुस्तक दिले नाही. हे त्याला माहीत असते तर त्याने सोडले नसते, अशी माझी खात्री आहे. माणूस अशा गोष्टींचा लोभी होता.

जहाजावर शिकण्याचा आणखी एक मार्ग होता, खलाशांची बोली. सरंग, तांडेल ही कोकणातल्या माणसाला घरची वाटणारी पदे ब्रिटिश जहाजांवर इंग्रजीसारखी वापरली जात. टॉमस रोबक याने या बोलीचा कोश १८११ साली कलकत्त्यात छापला. पुढच्या डोलकाठीला त्रिकट, वरच्या शिडाला गावी असे त्यातले शब्द पोर्तुगीज, फारसी, हिंदुस्तानी यांच्या खिचडीतून आलेले आहेत. अमिताव घोष यांनी 'सी ऑफ पॉपीज' लिहिताना याच बोलीचे सोने केले. पण त्या बोलीत शीड उतरवता येते, मुलीच्या हौसेबद्दल बोलता येत नाही. म्हणून शेवटी आम्ही असे मान्य केले की, हे दोघे हिंदुस्तानीत बोलतात. बाजारातल्या, मोडक्यातोडक्या, मुंबईच्या हिंदुस्तानीत. पण मग मावशींनी विचारले, रात्री म्हातारीशी ती कुठल्या भाषेत बोलत असेल?

हा प्रश्न मला कादंबरीच्या बाहेर घेऊन गेला. म्हातारी मुलगी विकायला का तयार आहे? कादंबरी याला उत्तर देत नाही. पूर्वेकडे मुले विकली जातात, एवढेच वाचकाच्या मनात राहते. पण १८०५ला तीन वर्षे मागे जाऊन पाहा. ऑक्टोबर १८०२ला हडपसरपाशी यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाला आणि कोकणातून वसईला पोचला. डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी तिथे तह झाला. पुण्याभोवतीचा मुलूख लुटला गेला होता, त्यात पाऊस गेला, आणि १८०३-०४ साली दख्खन व कोकणात मोठा दुष्काळ पडला. भुकेलेल्यांचे लोंढे मुंबई बेटाकडे आले. त्याआधी फेब्रुवारी १८०३मध्ये कोटातल्या मोठ्या आगीत देशी वस्तीचा पुष्कळ भाग जळाला होता. म्हणजे नऊ-दहा वर्षांची, आई-बाप नसलेली, मुंबईच्या रस्त्यावर वाढलेली आणि थोड्या रुपयांत विकाऊ असलेली मुलगी १८०५ साली कुठून आलेली असणार, याचा बराचसा उलगडा इथे होतो. ती आपल्या मुलखातून आलेली असण्याची शक्यता मोठी आहे. म्हातारीशी ती मराठीतच बोलत असेल, असे मला वाटते. हे सिद्ध करता येणार नाही, कारण दिल कधी नव्हतीच. पण ओब्रायनचे वाचक जर 'सरप्राइज'च्या विक्रीचे साल काढू शकतात, तर मी दिलच्या दुष्काळाचे का काढू नये?

इथे या लेखकाबद्दलची माझी खरी तक्रार आहे, आणि ती सुरुवातीच्या तक्रारीहून वेगळी. त्याने तपशील खोटा दिला नाही. त्याने कारण दिले नाही. समुद्रावर प्रत्येक गोष्टीला कारण असते. वारा का पडला, डोलकाठी का मोडली, खलाशांच्या हिरड्यांतून रक्त का येते, हे सगळे तो सांगतो. जमिनीवर आल्यावर मुलगी गरीब असते ती नुसती असते.

शेजारपाजारही तसाच रिकामा. मॅच्युरिनच्या प्रेमातला प्रतिस्पर्धी कॅनिंग हा श्रीमंत ज्यू आहे, आणि इंग्रज समाजातले त्याचे अवघडलेपण ओब्रायनने छान टिपले आहे. पण मुंबईत त्याच वेळी मराठी बोलणारे ज्यू होते. सॅम्युएल इझिकेल दिवेकर या कंपनीच्या पलटणीतल्या बेने इस्राएल अधिकाऱ्याने १७९६ साली मशीद बंदरजवळ सिनेगॉग बांधले होते. कॅनिंग त्या दारावरून गेला असता तर काय झाले असते! तसेच परळचे. नोव्हेंबर १८०४मध्ये जेम्स मॅकिंटॉश याने परळच्या बंगल्यात लिटररी सोसायटी स्थापन केली, जिची पुढे एशियाटिक झाली. सृष्टिविज्ञानाच्या वेडाने झपाटलेला मॅच्युरिन काही महिन्यांनी त्याच बेटावर येतो आणि तिकडे फिरकत नाही. सर म्हणाले, "बरं झालं नाही फिरकला. निबंध वाचायला लावला असता." हेही खरेच.

उलट बाजूही सांगायला हवी. ओब्रायनने मुंबईच्या आठवड्यांत कॅनिंगच्या बंगल्याला जेवढी जागा दिली, जवळजवळ तेवढीच दिलला दिली. तिला बुद्धी दिली, विनोद दिला, आणि नायकाला ती शहाणपणात वरचढ ठरते. त्या काळच्या इंग्रज प्रवाशांच्या मुंबईत अशी मुलगी मला भेटलेली नाही. आपल्या मराठी समुद्र-वाङ्मयात तरी कुठे आहे? मुळात ते वाङ्मयच थोडे. गो. नी. दांडेकरांची 'दर्याभवानी' आहे. माळगावकरांचे कान्होजी आंग्रे पु. लं.नी मराठीत आणले. बंदरावर भटकणारी, कुणाची नसलेली पोर आपल्याही लेखकांना दिसलेली नाही. आपण आरमार म्हटले की किल्ल्याकडे पाहतो.

सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये जोनाथन डंकनचे स्मारक आहे. १७९५ ते १८११ हा मुंबईचा गव्हर्नर होता, म्हणजे दिलच्या मुंबईचा. बनारस आणि काठेवाडातली बालहत्या बंद केल्याचा उल्लेख त्या संगमरवरावर कोरलेला आहे. मी मावशींना ते दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी अक्षरे कुठली ते विचारून घेतले, अर्थ विचारला, आणि काही बोलल्या नाहीत.

परत येताना आम्ही मरीन लाइन्सच्या पुलावर थांबलो. कादंबरीत दहन समुद्रकाठी होते. कुठे, ते नेमके दिलेले नाही. पण बॅक बेच्या वाळूवर चिता पेटत, आणि आजचे रेल्वेचे रूळ जवळजवळ त्या जुन्या किनाऱ्यावरूनच जातात. पलीकडचा मरीन ड्राइव्ह भराव घालून केलेला. तेव्हा सोनापूर आणि चंदनवाडीची ही बाजू थेट वाळूला लागलेली असणार. गिरगावात तेव्हा नारळी-फणसांच्या वाड्या होत्या. त्यांची नावे आपल्या पत्त्यांत अजून आहेत.

पुढच्या बैठकीत ते प्रकरण मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले. मॅच्युरिनशी बोलताना दिल हिंदुस्तानीत बोलली, काकांच्या समाधानासाठी. म्हातारीशी ती मराठीत बोलली. ती वाक्ये कादंबरीत नाहीत. मी घातली, आणि घातल्याचे आधी सांगितले. बांगड्या घालून घरी आल्यावर ती म्हातारीला काय म्हणाली असेल, तेवढे मात्र मला सुचेना. तिथे मावशींनी सांगायला सुरुवात केली.